तिठ्यावरचा तत्त्वज्ञ : फ्रँक रॅम्झी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर तर्कशास्त्राची पुस्तके जवळ केली. त्यामुळे विषय ठरवताना मला फार विचार करावा लागला नाही. ज्याचे गणित कुठे संपते आणि तत्त्वज्ञान कुठे सुरू होते हे सांगणे कठीण, अशा माणसाचे नाव मी कळवून टाकले. फ्रँक रॅम्झी. त्यावर फोनवरून विचारणा झाली, ‘हे कोण?’ विचारणा रास्त होती. रसेल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. विट्गेन्स्टाइनचे नाव निदान कानावरून गेलेले असते. मे. पुं. रेगे आणि दि. य. देशपांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ‘नवभारत’ आणि ‘आजचा सुधारक’ या मासिकांतून काटेकोर युक्तिवादाची सवय मराठी वाचकाला लावली. या सगळ्यात रॅम्झी मात्र राहून गेला.

त्याचा जन्म केंब्रिजमधला, २२ फेब्रुवारी १९०३ चा. मृत्यू लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये, १९ जानेवारी १९३० रोजी. म्हणजे सत्ताविसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना. अल्पायुषी प्रतिभावंतांविषयी आपण फार हळवे असतो. ज्ञानेश्वरांपासून बालकवींपर्यंत ही नावे घेताना आपला आवाज खाली येतो, आणि एकदा हळहळून झाले की वाचायची जबाबदारी संपली असे वाटू लागते. रॅम्झीचे इंग्लंडातही बरेचसे तेच झाले. त्याने काय म्हटले यापेक्षा तो किती लवकर गेला हेच अधिक सांगितले गेले. आज मी हळहळणार नाही. त्याचे म्हणणे काय होते ते सांगेन आणि जिथे ते पटत नाही तिथे तसे बोलेन.

वडील आर्थर रॅम्झी मॉडलिन कॉलेजात गणिताचे अध्यापक. आई अ‍ॅग्नेस स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतली. धाकटा भाऊ मायकेल पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च धर्माधिकारी. थोरला भाऊ मात्र शाळेत असतानाच नास्तिक झालेला. दोघांचे संबंध शेवटपर्यंत प्रेमाचे राहिले. १९२३ मध्ये ट्रिनिटी कॉलेजातून फ्रँक रँग्लर झाला. या पदवीचा अर्थ महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले तेव्हापासून हा शब्द आपल्या घरचाच झाला आहे. रॅम्झीच्या वेळेपर्यंत क्रमांक जाहीर करण्याची प्रथा बंद पडली होती, पण पहिला कोण हे सगळ्यांना माहीत होते.

त्याआधीच त्याने एक काम करून ठेवले होते. विट्गेन्स्टाइनचा ‘ट्रॅक्टेटस’ हा अवघड जर्मन ग्रंथ इंग्रजीत आणायचा होता. प्रकाशनाची सूत्रे सी. के. ऑग्डेन यांच्याकडे होती. त्यांनी हे काम अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्यावर सोपवले. रॅम्झी जर्मन मजकूर समोर ठेवून लघुलेखिकेला इंग्रजी सांगत गेला. १९२२ साली पुस्तक निघाले, अनुवादक म्हणून नाव ऑग्डेनचे. पुढच्याच वर्षी ‘माइंड’ या नियतकालिकात त्या ग्रंथाचे पहिले गंभीर परीक्षण आले, तेही रॅम्झीचेच. आणि ते भक्ताने लिहिलेले नव्हते.

सप्टेंबर १९२३ मध्ये तो ऑस्ट्रियातल्या पुखबेर्ग या डोंगरातल्या गावी गेला. विट्गेन्स्टाइन तेव्हा तिथे प्राथमिक शाळेत शिक्षक होता. युरोपातल्या अतिश्रीमंत घराण्यातला हा माणूस वारशावर पाणी सोडून एका चुना मारलेल्या खोलीत राहत होता. खोलीत खाट, हात धुण्याची सोय, एक छोटे टेबल आणि एक लाकडी खुर्ची. आणखी काही ठेवायला जागाच नव्हती. रात्रीचे जेवण म्हणजे जाडाभरडा पाव, लोणी आणि कोको. हे सगळे रॅम्झीने आईला पत्रातून कळवले आहे, आणि तो पाव आपल्याला आवडला नाही हेही लपवलेले नाही. शाळा सुटली की दोघे बसत. रोज चार-पाच तास, तासाला साधारण एक पान या वेगाने. पंधरवडाभर हे चालले. वीस वर्षांचा मुलगा विचारतो आणि चौतिशीतला लेखक प्रत्येक वाक्याचा जबाब देतो. त्या बैठकीतल्या दुरुस्त्या १९३३ च्या आवृत्तीत उतरल्या.

पण मला जास्त थांबायचे आहे ते दुसऱ्या एका मोठ्या माणसाशी झालेल्या त्याच्या वादापाशी. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सचा संभाव्यतेवरचा ग्रंथ १९२१ मध्ये आला. केन्स तेव्हा अडतीस वर्षांचा, व्हर्सायच्या तहावर टीका करून जगप्रसिद्ध झालेला. त्याचे म्हणणे असे की, पुरावा आणि निष्कर्ष यांच्यात एक तार्किक नाते असते. पुरावा निष्कर्षाला कधी पूर्ण आधार देतो, कधी अर्धामुर्धा. हे नाते तुमच्या-माझ्या मनावर अवलंबून नाही. ते आहेच, आणि विचारी माणसाला ते दिसते. जानेवारी १९२२ मध्ये, एकोणीसही पूर्ण न झालेल्या रॅम्झीने छोट्याशा परीक्षणात त्याला उत्तर दिले. पुढे १९२६ मध्ये ‘सत्य आणि संभाव्यता’ या निबंधात ते सविस्तर मांडले. उत्तराचा गाभा अगदी साधा आहे : मला असले काही नाते दिसत नाही. दोन आणि दोन चार यावर सगळ्यांचे एकमत होते. पण ‘हे लाल आहे’ आणि ‘ते निळे आहे’ या दोन विधानांमधले संभाव्यतेचे नाते काय, असे विचारले तर कोणाकडेच उत्तर नसते. ज्यांना ते दिसते म्हणतात त्यांना खरोखर दिसते का, याचीच त्याला शंका होती.

मग ‘मला ऐंशी टक्के खात्री आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा काय मोजत असतो? पहिले सुचणारे उत्तर म्हणजे आतून येणारी भावना. खात्री जितकी जास्त, तितकी ती भावना तीव्र. रॅम्झी हेही उडवून लावतो. ज्या गोष्टी आपण सर्वांत पक्क्या धरून चालतो त्यांच्याविषयी आपल्याला काहीच वाटत नसते. तुम्ही सगळे आत्ता खुर्च्यांवर निर्धास्त बसला आहात. खुर्ची मोडणार नाही या समजुतीने कोणाचे ऊर भरून आलेले मला तरी दिसत नाही.

त्याचे स्वतःचे उत्तर असे : खात्री म्हणजे त्या समजुतीवर विसंबून काय करायला तुम्ही तयार आहात त्याचे माप. स्टेशनकडे निघालेला माणूस गाडी सुटणार यावर पैज लावूनच निघालेला असतो. पुरेशी खात्री नसती तर तो घरीच बसला असता. लोकलच्या वेळापत्रकावर रोज ही पैज लावणाऱ्यांना यापुढे समजावायला नको.

मोजायचे कसे, यासाठी त्याने दिलेले एक उदाहरण मला त्याच्या सगळ्या लिखाणात सर्वांत जास्त आवडते. तुम्ही तिठ्यावर उभे आहात. दोनपैकी एक रस्ता बरोबर असावा असे वाटते आहे, पण नक्की नाही. दूर शेतात एक माणूस दिसतो. त्याला विचारायला जायचे का? हे तीन गोष्टींवर ठरेल. शेतातून जाण्याचा त्रास किती, चुकलो तर नुकसान किती, आणि मुळात तुमची खात्री किती. पहिल्या दोन गोष्टी ठाऊक असतील, तर तिसरी काढता येते. समजा, चुकीचा रस्ता धरला तर तासभर फुकट जाणार. आणि विचारून परत यायला पंधरा मिनिटांपर्यंत लागणार असतील तर तुम्ही जाल, सोळावे मिनिट मात्र परवडणार नाही. पंधरा मिनिटे म्हणजे साठाचा चौथा हिस्सा. एकातून तो वजा करा. तुमची खात्री पाऊण, पंचाहत्तर टक्के. दुसरा कोणी सहा मिनिटांपलीकडे जायला तयार नसेल, तर त्याची खात्री नव्वद टक्के. त्याच्या डोक्यात डोकावून बघायची गरज पडली नाही. तो किती चालायला तयार आहे एवढे बघितले की झाले.

अर्थात गोष्ट इतकी सरळ नाही, हे त्याला कळत होते. पैशांच्या पैजेत अडचण अशी की शंभर रुपये सगळ्यांना सारखे नसतात, शिवाय कोणाला पैज लावण्याचीच हौस असते, कोणाला तिटकारा. म्हणून त्याने आधी माणसाच्या पसंतीक्रमावरून त्याला कशाचे किती मोल वाटते हे काढण्याची रीत बसवली आणि त्या आधारावर खात्रीचे माप बांधले. हा भाग मी इथे सोडतो. फळ्याशिवाय तो सांगता येत नाही. पण एक निष्कर्ष सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. समजा, एक गृहस्थ म्हणतात, उद्या पाऊस पडेल याची मला साठ टक्के खात्री आहे. आणि थोड्या वेळाने, पाऊस पडणार नाही यालाही ते साठ टक्के देतात. मी त्यांना दोन चिठ्ठ्या विकतो. पाऊस पडला तर शंभर रुपये देणारी एक, न पडला तर शंभर देणारी दुसरी. त्यांच्या हिशोबाने प्रत्येकीची किंमत साठ रुपये, म्हणून ते दोन्ही आनंदाने घेतात. एकशेवीस मोजले, हातात येणार शंभर. पाऊस पडो न पडो, वीस रुपये बुडाले. संभाव्यतेचे नियम मोडणाऱ्या माणसाला एखादा चलाख पैजबाज असा नेहमीच नागवू शकतो, हे रॅम्झीने दाखवले. तेव्हा संभाव्यतेचे नियम म्हणजे आपल्या समजुती एकमेकींशी भांडू नयेत यासाठीची शिस्त.

इटलीत ब्रुनो द फिनेत्ती याच ठिकाणी स्वतंत्रपणे पोहोचला. याच दिशेने जाणारा नॉयमान आणि मॉर्गेनस्टर्न यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९४४ चा, सॅव्हेजचा १९५४ चा. रॅम्झीचा निबंध १९३१ मध्येच, त्याच्या मृत्यूनंतर ब्रेथवेटने संपादित केलेल्या संग्रहात छापला गेला होता. वाचला कोणी नव्हता. डोनाल्ड डेव्हिडसनने याला ‘रॅम्झी परिणाम’ असे नावच ठेवले. आपल्याला काही नवे सापडले म्हणून हर्ष व्हावा, आणि मग कळावे की ते रॅम्झीकडे आधीच होते. केन्सविषयीही दोन शब्द. ज्या पोराने आपला सिद्धांत मोडला त्यालाच त्याने १९२४ मध्ये किंग्ज कॉलेजची फेलोशिप मिळवून दिली, आणि संग्रह आल्यावर रॅम्झीचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य केले. आपल्या विद्यापीठांत असे किती वेळा घडले असेल ते ज्याने त्याने आठवून बघावे.

आता सरांसाठी थोडे गणित. पहिल्या रांगेतल्या सहा जणांकडे बघा. माझा दावा असा की त्यांच्यात एकमेकांना ओळखणारे तिघे तरी सापडतील, नाहीतर एकमेकांना अजिबात न ओळखणारे तिघे तरी. ते कोण आहेत हे मला माहीत नाही, माहीत असण्याची गरजही नाही. कडेच्या बाईंना घ्या. उरले पाच. या पाचांपैकी निदान तिघांशी त्यांची ओळख असेल, किंवा निदान तिघांशी नसेल. पाचाची विभागणी याहून वेगळी होतच नाही. ओळखीचे तिघे निघाले असे धरू. त्या तिघांत कोणतेही दोघे एकमेकांना ओळखत असतील, तर ते दोघे आणि बाई मिळून आपले त्रिकूट झाले. कोणीच कोणाला ओळखत नसेल, तर ते तिघेच परक्यांचे त्रिकूट. उलट बाजूनेही हाच युक्तिवाद चालतो. तिघांऐवजी चौघे हवे असतील तर अठरा माणसे लागतात. पाच हवे असतील तर? त्रेचाळीस ते सेहेचाळीस यांच्या मध्ये कुठेतरी; नेमका आकडा आजवर कोणालाही काढता आलेला नाही, संगणक हाताशी असूनही.

१९३० मध्ये छापल्या गेलेल्या ज्या निबंधात हे प्रमेय आले तो होता तर्कशास्त्रावरचा. दिलेले विधान तर्काने सिद्ध होते की नाही हे ठरवण्याची ठरावीक रीत आहे का, या गणितज्ञ हिल्बर्टने विचारलेल्या निर्णयप्रश्नाचा एक विशिष्ट भाग सोडवताना रॅम्झीला ते वाटेत लागले. आज ‘रॅम्झी सिद्धांत’ ही गणिताची स्वतंत्र शाखा आहे. पुरेसा मोठा पसारा घेतला की त्यात कुठे ना कुठे सुव्यवस्था सापडतेच, असे तिचे सार सांगतात.

अर्थशास्त्रातले त्याचे दोन निबंध केन्सच्या ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये आले, १९२७ मध्ये कराविषयी आणि १९२८ मध्ये बचतीविषयी. दुसऱ्याचा प्रश्न असा की देशाने उत्पन्नातले किती आज खावे आणि किती उद्यासाठी ठेवावे. त्यात तो सुरुवातीलाच बजावतो की, पुढच्या पिढीचे सुख ते उशिरा येते एवढ्याच कारणाने कमी लेखणे नीतीला धरून नाही. तसे आपण करतो ते कल्पनाशक्ती तोकडी पडते म्हणून. हवामानबदलावर आज किती खर्च करावा यावर अर्थतज्ज्ञांची जी हमरीतुमरी चालते, ती बरीचशी याच मुद्द्यावर आहे. २००६ च्या स्टर्न अहवालाने जवळजवळ रॅम्झीचाच पक्ष घेतला आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या. रॅम्झीच्या सूत्राने बचतीचे जे प्रमाण निघते ते कोणालाही झेपणार नाही इतके मोठे आहे. हे त्यालाही दिसत होते, पण त्याने ते नाकारले नाही.

हे सगळे करणारा माणूस कसा होता? आडव्या अंगाचा, खळखळून हसणारा, नदीत पोहणारा. मानसिक अस्वस्थतेवर उपाय म्हणून १९२४ मध्ये सहा महिने व्हिएन्नात राहून फ्रॉइडच्या शिष्याकडून, टेओडोर राइककडून, मनोविश्लेषण करून घेतलेला. परत आल्यावर लेटिस बेकरशी लग्न, दोन मुली. १९२५ मध्ये मित्रमंडळीत वाचलेल्या एका टिपणात त्याने म्हटले आहे की आकाशाच्या अफाटपणापुढे नम्र व्हावे असे आपल्याला मुळीच वाटत नाही. तारे मोठे असतील, पण त्यांना विचार करता येत नाही की प्रेम करता येत नाही, आणि आकारापेक्षा या गोष्टींचे त्याला अप्रूप जास्त. आपले वजन जवळजवळ सतरा स्टोन आहे, म्हणजे सुमारे एकशेआठ किलो, याचे श्रेय आपण घेत नाही, अशीही पुस्ती आहे.

इथेच त्याची आणि विट्गेन्स्टाइनची वाट वेगळी होते. विट्गेन्स्टाइनला वाटे की जे बोलून सांगता येत नाही तेच महत्त्वाचे, आणि त्यापुढे गप्प राहावे. रॅम्झीचे म्हणणे, जे सांगता येत नाही ते नाहीच सांगता येत. शीळ वाजवून ते सुचवण्याचा प्रयत्नही करू नये. विट्गेन्स्टाइन शीळ वाजवण्यात वाकबगार होता हे लक्षात घेतले म्हणजे टोला कुठे बसला ते कळेल. जानेवारी १९२९ मध्ये विट्गेन्स्टाइन केंब्रिजला परतला आणि त्याला पीएच.डी.साठी मार्गदर्शक मिळाला तो चौदा वर्षांनी लहान रॅम्झी. जूनमध्ये तोंडी परीक्षा घ्यायला रसेल आणि मूर. वर्षभर दोघांचे बोलणे चालू राहिले. रॅम्झी गेल्यावर विट्गेन्स्टाइनने वहीत त्याला ‘बूर्झ्वा विचारवंत’ म्हणून ठेवले. म्हणजे आहे तेच घर नीट लावू बघणारा, पायाखाली खणून न बघणारा. हा आरोप मला प्रशस्तिपत्रासारखा वाटतो. शिवाय त्याच विट्गेन्स्टाइनने उत्तरायुष्यातल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपल्या चुका दाखवून दिल्याबद्दल रॅम्झीचे ऋण मान्य केले आहे.

रॅम्झीचे शेवटचे आजारपण काविळीने सुरू झाले. शस्त्रक्रिया झाली, पण यकृत गेलेले होते. नदीच्या पाण्यातून झालेला संसर्ग हे कारण असावे, असा तर्क त्याची चरित्रकार शेरिल मिसाक हिने केला आहे.

आता मला न पटणाऱ्या गोष्टीकडे येतो. समजुती एकमेकींशी भांडत नाहीत एवढे पुरेसे आहे का? एखाद्या वेड्याच्याही समजुती आपापसांत अगदी सुसंगत असू शकतात. त्याला कोणताही पैजबाज नागवू शकणार नाही, आणि तरीही तो वेडाच. रॅम्झीला हे माहीत होते. म्हणून निबंधाच्या उत्तरार्धात तो म्हणतो, माणसाच्या विचार करण्याच्या सवयी तपासा. पिवळी अळंबी दिसली की ‘ही विषारी असणार’ असे मानण्याची एखाद्याला सवय आहे. ती चांगली की वाईट? पिवळ्या अळंब्यांपैकी प्रत्यक्षात किती विषारी निघतात ते बघा. त्याच्या खात्रीचे प्रमाण त्या प्रमाणाच्या जितके जवळ, तितकी सवय चांगली. हे प्रमाण आपल्याला कळते ते पुन्हा अनुभवावरूनच, म्हणजे तर्क गोल फिरतो. पण त्याचे त्याला वाईट वाटत नाही. स्मरणशक्ती भरवशाची आहे हेही आपण स्मरणशक्तीच्याच भरवशावर म्हणतो.

इथवर मी त्याच्यासोबत आहे. माझी अडचण पुढची आहे. ही सवय नेमकी कशाविषयीची? पिवळ्या अळंब्यांविषयीची, की पावसाळ्यात उगवणाऱ्या पिवळ्या अळंब्यांविषयीची, की पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या पिवळ्या अळंब्यांविषयीची? प्रत्येक गटात विषारींचे प्रमाण वेगळे येणार, आणि समोरची अळंबी तर तिन्ही गटांत बसते. कोणत्या गटाचे प्रमाण माझ्या खात्रीला लावायचे, हे रॅम्झीच्या लिखाणात मला कुठे सापडत नाही. आणि ही अडचण जंगलातच येते असेही नाही. पंचेचाळिशीचा, सिगारेट न ओढणारा, रोज पोहणारा, आईवडील दोघेही मधुमेही असलेला गृहस्थ आयुर्विम्याचा अर्ज भरतो. त्याला पोहणाऱ्यांच्या आकड्यांवरून जोखायचे की मधुमेह्यांच्या मुलांच्या, आणि दोन्ही एकत्र घ्यावे तर त्या गटात आकडे काढण्याइतकी माणसे कुठून आणायची? हप्ता मात्र ठरवून सांगितला जातोच. श्रोत्यांत विमा व्यवसायातले कोणी असतील तर तो कसा ठरवतात हे प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनी मला जरूर सांगावे.